येथे माफीची सोय नाही

मुलीला विद्यापीठात सोडायला गेलो, तेव्हा पालकांसाठी एक खास सत्र होतं. मोठं सभागृह, हाडं गोठवणारा एसी आणि पुढच्या सगळ्या रांगा आमच्या. आपली माणसं जगात कुठेही गेली तरी अभ्यासाच्या ठिकाणी पुढची रांग सोडत नाहीत. स्टेजवर डीनबाई होत्या. वसतिगृह, जेवण, पार्किंग हे सगळं उरकल्यावर त्या म्हणाल्या, आता एक महत्त्वाचं सांगते. एखादा विद्यार्थी फार दारू पिऊन किंवा कसली तरी गोळी घेऊन पडला, तर त्याच्या मित्रांनी घाबरून बसू नये, सरळ नाइन-वन-वनला, म्हणजे ॲम्ब्युलन्ससाठी, फोन करावा. फोन करणाऱ्यावर आम्ही कारवाई करणार नाही, तो स्वतः प्यायलेला असला तरी नाही. जो पडलाय त्याच्यावरही नाही. त्याने नंतर समुपदेशकाला भेटायचं, एक छोटा वर्ग करायचा, विषय संपला. शिस्त आम्हाला पुढेही लावता येईल, पण त्यासाठी मूल आधी जिवंत पाहिजे.

इतकं सरळ वाक्य मी तोपर्यंत कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं. आमच्या रांगांमधले सगळे शाकाहारी लग्नात मटणाचं ताट पुढे आल्यासारखे बसले होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा पहिला हात आमच्यातल्याच एका बाबांचा वर गेला. दोन विषयांत मेजर केलं तर मेडिकलच्या प्रवेशाला फायदा होतो का? दुसऱ्यांना जिमच्या वेळा हव्या होत्या. तिसऱ्यांनी मात्र विषयाला धरून विचारलं, ही जी माफी मिळते ती पुढे रेकॉर्डवर दिसते का? त्यांच्या बायकोने त्यांना असं कोपर मारलं की ते प्रश्न अर्धवट सोडून खाली बसले.

माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "हे आपल्या मुलांसाठी नाही गं. चल, तेवढ्यात रूमचे पडदे लावून येऊ." आणि आम्ही पडदे लावायला गेलो.

ही मैत्रीण म्हणजे आमच्या कॅरी गावातल्या मराठी मंडळाचा कणा. दर रविवारी मुलांना मराठी शिकवायची ती, नाटक बसवायची ती, दिवाळीचा फराळ कोणी काय करायचा हे ठरवायची तीच. तिचा आवाज असा की हॉलमध्ये माइक बंद पडला तरी कुणाला कळत नसे. तिच्या हाताखाली बाराखडी शिकलेली आमची सगळी मुलं आता मिशा फुटून इंजिनिअर व्हायला निघाली होती, तरी काकूंचा आवाज आला की पाठ ताठ करून बसायची. तिची मुलगी आणि माझी मुलगी दुसरीपासूनच्या मैत्रिणी. आता एकाच विद्यापीठात, एकाच खोलीत राहणार होत्या, म्हणून तर आम्ही दोघी निर्धास्त होतो.

आणि दारू? दारू आमच्यात कोणी पीतच नाही. प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये जो छोटासा बार असतो, निळे दिवे लावलेला, तो पाहुण्यांसाठी असतो. पाहुणे दर शनिवारी येतात. ते वर जेवायला येतात तेव्हा त्यांचे डोळे लाल झालेले असतात, त्याला आम्ही पोलनची ॲलर्जी म्हणतो. नॉर्थ कॅरोलायनात पोलन फार.

आता डॉक्टरकाकांविषयी सांगायला हवं. आपल्या लोकांना दुखलंखुपलं की दवाखान्याआधी "आपल्यातला" डॉक्टर लागतो. इथे येऊन वीस-वीस वर्षं झाली, नोकरीत उत्तम विमा आहे, कोपऱ्या-कोपऱ्यावर अर्जंट केअर आहे, तरी मुलाला ताप आला की पहिला फोन डॉक्टरकाकांना. गुडघा दुखला, डॉक्टरकाका. आईचे भारतातून आलेले रिपोर्ट, डॉक्टरकाका. काका हुशार आहेत, प्रेमळ आहेत, कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त ते दातांचे डॉक्टर आहेत. पण एवढ्या तेवढ्यावरून कोण अडून बसणार? मुलं कॉलेजला निघाली तेव्हा प्रत्येक आईने त्यांच्या फोनमध्ये काकांचा नंबर घालून दिला होता आणि बजावलं होतं, काही झालं तर आधी काकांना विचार.

काकांची एक सवय आहे. फोन कानाला लावायचा म्हणजे त्यांना जड जातं. फोन आला की ते तो हातात आडवा धरतात, शिऱ्याची बशी धरावी तसा, आणि स्पीकर चालू करतात. त्यामुळे मंडळातल्या प्रत्येकाचं ॲसिड, प्रत्येकाची पाठ, प्रत्येकाच्या सासूची शुगर सगळ्यांना ठाऊक असते. कोणी कधी हरकत घेतली नाही. उलट काका बोलत असताना चार जण मध्येच आपापला सल्लाही देतात.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी माझ्या घरी फराळाचं करणं चाललं होतं. बाहेर लख्ख दुपार. बायका स्वयंपाकघरात, पुरुष बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर, कारण आमच्या मुलींच्या विद्यापीठाची त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती. अशा दिवशी तिकडची मुलं सकाळपासूनच पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे खुर्च्या टाकून पीत बसतात, हे जगाला माहीत आहे. आम्ही फक्त रंगीत टी-शर्टांचे फोटो बघून खूश होतो. मैत्रिणीच्या हातात माझा सोऱ्या होता. चकल्या पाडणं हे खातं ती दुसऱ्या कुणाला देत नाही. डॉक्टरकाका चहा मागायला आत आले आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. काकांनी फोन आडवा धरला आणि स्पीकर लावला.

"काका, एक क्वेश्चन होता," एक मुलगा दबक्या आवाजात बोलत होता. मागे बँड, ढोल, आरडाओरडा. "म्हणजे, माझा नाही. एक फ्रेंड आहे. तिने थोडी जास्त घेतली. आता ती उठत नाहीये."

स्वयंपाकघर एकदम चिडीचूप झालं. तेलाचा आवाज तेवढा येत होता. मी पण झारा वर धरून कान टवकारले, खोटं कशाला सांगू. आणि मग त्या शांततेतून पहिला प्रश्न आला. श्वास चालू आहे का, हा नाही. उलटी झाली का, हाही नाही. पहिला प्रश्न होता, "कुणाची मुलगी?"

"आपल्यातली आहे?" दुसरी कुजबुजली.

"मराठी बोलतोय म्हणजे आपल्यातलीच."

"मास्टर्सची असेल. नागपूर-पुण्याहून येतात ना, घरापासून लांब, मोकाट. ॲम्ब्युलन्स बोलावली तर व्हिसा गेलाच समजा."

काका बिचारे गोंधळले. दाताचं असतं तर त्यांनी चोख सांगितलं असतं. ते म्हणाले, "हे बघ बेटा, लिंबूपाणी पाजा, तोंडावर पाणी मारा आणि झोपू द्या. झोपली की उतरते."

"काका, ॲम्ब्युलन्स बोलवू का? आमच्यातली एक म्हणतेय, बोलवायलाच हवी. बाकीचे नको म्हणतायत."

यावर माझ्या मैत्रिणीला राहवलं नाही. सोऱ्याचा दांडा पिळता पिळता ती म्हणाली, आणि ती म्हणाली म्हणजे साऱ्या घराने ऐकलं, "कसली ॲम्ब्युलन्स! आईबापाचं नाव घालवलं ते घालवलं, आता गावभर शोभा कशाला? पडू दे तिथेच, अक्कल येईल. माझी मुलगी असती ना, तर उंबरठ्याच्या आत घेतली नसती मी."

तिकडे एकदम कुणीच बोलेना. मग फोन बंद झाला.

"असे संस्कार," कुणीतरी म्हणालं, आणि बायका पुन्हा कामाला लागल्या. मैत्रिणीने चकलीचे पाच वेढे घातले, शेपूट नीट दाबून बंद केलं. त्या दिवशीच्या तिच्या चकल्या फार सुंदर पडत होत्या.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. माझी मुलगी. मी फोन कानाला लावला, मला अजून कान चालतात. ती म्हणाली, "आई, मी ॲम्ब्युलन्समध्ये आहे. मी ओके आहे. पण तू काकूंना घेऊन ये. ड्राइव्ह तू कर, त्यांना करू देऊ नको."

मी गॅस बंद केला. ज्या बाईने आत्ताच उंबरठ्याचा कायदा सांगितला होता तिला मी काय सांगावं? मी तिचा दंड धरून नुसतं म्हटलं, "चल, मुलींकडे जायचंय." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक अक्षर न विचारता निघाली. अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की पिठाने भरलेला सोऱ्या तिच्या मांडीवरच आहे. हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहातही ती तो पोटाशी धरून बसली होती. तिथल्या नर्सने तो हळूच निरखून बघितला आणि शहाणपणाने काही विचारलं नाही.

मैत्रिणीची मुलगी वाचली. एका तरुण डॉक्टरणीने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. कुशीवर वळवून ठेवलं हे फार बरं केलंत, असं ती माझ्या मुलीला म्हणाली, आणि ताबडतोब फोन केलात. अशा वेळी तोंडात काही ओतलं तर ते फुफ्फुसात जातं, आणि झोपू दिलं तर उलटी होऊन श्वास अडकतो. मी लिंबूपाण्याबद्दल काही बोलले नाही. माझी मुलगी भिंतीला टेकून उभी होती, टी-शर्टवर उलटीचे डाग. मी तिला जवळ घेतलं.

मैत्रीण लेकीच्या पलंगाशी गेली. केसांवरून हात फिरवला, पांघरूण सारखं केलं. मग वळून डॉक्टरणीला तिने पहिला प्रश्न विचारला. "विल धिस गो ऑन हर रेकॉर्ड?"

विद्यापीठाने दिलेला शब्द पाळला. डीनबाईंनी दोन्ही मुलींना बोलावून घेतलं. एकीला समुपदेशक आणि तो छोटा वर्ग लावून दिला. माझ्या मुलीला दिली कॉफी आणि म्हणाल्या, थँक यू. तिनेही त्या सकाळी एक बीअर घेतली होती, ते तिने स्वतःहून सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच. मी घरी तेवढ्याच बीअरवर पाऊण तास व्याख्यान दिलं, ती गोष्ट वेगळी.

खरी कारवाई झाली ती कॅरीत. आमच्या मंडळाच्या घटनेत माफीचं कलम नाही. मैत्रिणीने चारचौघांत सांगितलं, फूड पॉयझनिंग झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण फूड पॉयझनिंग म्हटलं की फूड लागतं, आणि त्या आठवड्यात फूड माझ्या घरी बनलं होतं. मुलगी तेव्हा इथे नव्हतीच, पण तेवढा हिशेब कोण करतं? दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या शंकरपाळ्यांच्या डब्याला कुणी बोट लावलं नाही. एक काकू तर मला सौम्यपणे म्हणाल्या, "तेल बदलत जा गं." मी डबा परत आणला आणि आम्ही दोघं नवरा-बायको नाताळपर्यंत शंकरपाळे खात होतो.

ते मी हसण्यावारी नेलं असतं. पण हळूहळू खरी गोष्ट फुटलीच, फुटतेच, आणि मग सगळं खापर आलं माझ्या मुलीच्या डोक्यावर. आगाऊ आहे. आधी आईला नाही का फोन करायचा? काका सांगत होते ना, झोपू द्या म्हणून! ॲम्ब्युलन्स काय, पोलीस काय, सगळ्या पार्किंगने बघितलं. जी प्यायली ती बिचारी, जिने वाचवली ती चोंबडी. बेसमेंटचे निळे दिवे चालूच होते. मैत्रिणीने तिच्या मुलीला खोलीतून काढलं, घरी आणलं, रोज स्वतः गाडीने सोडायला-आणायला लागली. आमच्याशी बोलणं बंद. माझी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, डीन मला थँक यू म्हणाली. काकूंनी ब्लॉक केलं."

मला राग आला. माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरीने गर्दीत, ढोलताशांच्या मध्ये, सगळे नको नको म्हणत असताना एक बरोबर गोष्ट केली होती, आणि ज्यांनी तिला रविवारी रविवारी 'सदा सत्य बोलावे' हे सुवाच्य अक्षरात दहादा लिहायला लावलं होतं, तेच आता तिला तोंड उघडल्याची शिक्षा देत होते. आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण इथे आपल्या बाब्याला वाचवणाराच कार्टं ठरला होता. मी मैत्रिणीला फोन केला नाही. तिने करावा म्हणून वाट बघत बसले, तेही खरं.

हिवाळ्याच्या सुट्टीत माझी मुलगी घरी आली. एका दुपारी दाराची बेल वाजली. मैत्रीण उभी होती, हातात माझा सोऱ्या. घासून लख्ख केलेला. "द्यायचा राहिला होता," म्हणाली. मी तिला आत घेतलं. उंबरठा आमच्या घराला नाहीच, अमेरिकेत कुणाच्याच घराला नसतो.

ती स्वयंपाकघरात त्याच जागी बसली. चहा घेतला नाही. माझी मुलगी वरून खाली आली, तिला बघून जिन्यातच थांबली.

"ये," मैत्रीण म्हणाली. मी तिचा इतका लहान आवाज कधी ऐकला नव्हता. "एक विचारायचंय. त्या दिवशी काकांना फोन तुम्हीच केला होता ना?"

"हो काकू. आमच्यातल्या एकाने."

"मी इथे काहीतरी बोलले होते. तेव्हा फोन…" ती थांबली. "ते तिकडे ऐकू आलं का?"

इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांचा स्पीकर म्हणजे तिकडचं इकडे, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. इकडचंही तिकडे जातं, हा विचार वर्षानुवर्षं त्या फोनभोवती गोळा होणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही शिवला नव्हता.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. खोटं बोल असं सांगायची माझी छाती झाली नाही.

"स्पीकर होता ना, काकू. आमच्याकडे पण होता. सगळ्यांनी ऐकलं."

"तिने?"

मुलगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, "ती तोवर कशालाच रिस्पॉन्स देत नव्हती. तुमचा आवाज आला तेव्हा डोळे उघडले. 'आई' म्हणाली. मग परत मिटले."

मैत्रिणीने टेबलाची कड धरली.

"मग सगळे म्हणाले, नको बोलवू, काकू तिला घरात घेणार नाहीत."

"आणि तू?"

"मी म्हटलं, नाही घेतलं तर आमच्याकडे राहील. आणि मी कॉल केला."

मैत्रीण रडली. आवाज न करता रडली, जे तिला जमत असेल असं मला वाटलं नव्हतं. माझी मुलगी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, काय करावं हे न कळून तिने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. मी सोऱ्या कपाटात ठेवायला गेले आणि तिथेच जरा वेळ पाठ करून उभी राहिले.

संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता. तिळगूळ वाटून झाले होते, सगळे गोड बोलत होते, डॉक्टरकाका बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो आडवा धरला आणि स्पीकर लावला. सवय ती सवय.

"काका," एका मुलाचा कण्हणारा आवाज आला. "मी मॉरिसव्हिलवरून बोलतोय. एक प्रॉब्लेम झालाय. घरी नका सांगू प्लीज…"

आजूबाजूची चार डोकी लगेच वळली. कुणाचा मुलगा? मी ओठांची हालचाल ओळखते.

मैत्रिणीने हातातली हलव्याची वाटी खाली ठेवली, काकांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्या तिच्या आवाजात, सगळा हॉल हादरवत, बोलली, "ऐक! फोन ठेव आणि नाइन-वन-वन लाव. काय घेतलंयस ते खरं सांग त्यांना. कुणी तुला रागावणार नाही. तू कोण, कुणाचा, मी विचारणार नाही. कुणी घरात घेतलं नाही तर माझ्याकडे ये. ऐकतोयस ना?"



"काकू," मुलगा चाचरत म्हणाला, "अक्कलदाढ दुखतेय."

अख्खा हॉल हसला. डॉक्टरकाकांनी तर डोळे पुसले, अखेर त्यांच्या हक्काची केस आली होती. एरवी असं काही झालं की सगळ्यात आधी हसणारी मी. मी तिच्याकडे बघत होते. ती हसत नव्हती. फोन दोन्ही हातांत घट्ट धरून ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, "पण ऐकलंस ना मी काय म्हणाले ते? ऐकू आलं ना तुला?"